दोन गाद्यांच्या मधली जागा

आमच्याकडे मणक्याचे जे एमआरआय येतात, त्यांतले बहुतेक गादीसाठीच असतात. कंबर धरली, पाय बधिर झाला, मान आखडली, की चिठ्ठीवर लिहून येतं ‘पीआयव्हीडी?’, म्हणजे गादी सरकली आहे का ते बघा. मी नागपुरात धंतोलीतल्या एका सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, शिवाय छिंदवाडा आणि बालाघाटकडचे पेशंट सकाळी गाडीनं उतरतात आणि संध्याकाळच्या गाडीनं त्यांना परतायचं असतं. या गर्दीत मणक्याच्या वाट्याला वीसेक मिनिटं येतात. उभ्या स्लाइसचे टी-वन आणि टी-टू (चित्र काढायच्या दोन पद्धती), मग प्रत्येक गादीतून तीन-चार आडव्या स्लाइस, की ‘उठा हळूच, चप्पल तिकडं बाहेर आहे.’

हे काम मी वर्षानुवर्षं केलं, आणि गादी बघायची असेल तर ते तसंच करायला हवं. पण काही पेशंट असे येतात की गादी ठणठणीत आणि मज्जारज्जूलाच सूज. त्यांच्यासाठी आमच्याकडे वेगळं काहीच नव्हतं. तेच टेबल, तोच प्रोटोकॉल, त्याच स्लाइस.

नव्या रेडिओलॉजिस्ट मॅडम आल्या आणि त्यांनी मानेची एक जुनी केस स्क्रीनवर उघडून मला प्लॅनिंग दाखवायला लावलं. मी दाखवलं. (मानेचे मणके वरून सी-वन, सी-टू असे मोजतात.) त्या म्हणाल्या, “सी थ्री-फोरच्या गादीतून चार स्लाइस, सी फोर-फाइव्हच्या गादीतून चार. बरोबर. आता मधल्या अख्ख्या मणक्यामागे जो कॉर्ड, म्हणजे मज्जारज्जू आहे, तो आडवा कोणी बघितला?”

कोणीच नाही. उभ्या चित्रात दिसला तर दिसला.

उभ्या चित्राचं गणित त्यांनी मग कागदावर मांडून दाखवलं. मानेतला मज्जारज्जू आडवा मोजला तर १२ ते १४ मिलिमीटर, पुढून मागे ७-८ मिलिमीटर. करंगळीएवढा म्हणा. आम्ही उभ्या स्लाइस घ्यायचो ४ मिलिमीटर जाडीच्या, वर थोडी गॅप. म्हणजे अख्ख्या कॉर्डला मिळून तीन स्लाइस! मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या नसांचं आवरण खराब करणाऱ्या आजाराचा डाग असतो लहान, आणि बहुतेक वेळा कॉर्डच्या कडेला किंवा मागच्या बाजूला. कडेची स्लाइस अर्धी कॉर्डमधून जाते, अर्धी कॉर्डभोवती असणाऱ्या पाण्यातून. टी-टूमध्ये पाणी पांढरं, डागही पांढरा. दोन्हींची सरासरी होऊन त्या जागी जे येतं, त्याला रेडिओलॉजिस्ट ‘बहुधा पाणी असेल’ म्हणून सोडून देतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

इथून सगळी सुरुवात झाली. मशीन तेच राहणार होतं, १.५ टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). मालकांना नवीन मशीन सुचवायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर तशी गरजही नव्हती. २०२१ मध्ये युरोपातला मॅग्निम्स नावाचा गट आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन संस्था यांनी मिळून एमएसच्या एमआरआयबद्दल शिफारशी ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त छापल्या. मॅडमनी त्याची प्रिंट काढून कन्सोलच्या टेबलावर ठेवली होती. मला त्यातलं जे कामाचं वाटलं ते असं: उभ्या स्लाइस ३ मिलिमीटरपेक्षा जाड नकोत, मध्ये गॅप नको, आणि टी-टू, प्रोटॉन डेन्सिटी, स्टर यांपैकी किमान दोन प्रकारची चित्रं हवीत. एकट्या टी-टूवर विसंबायचं नाही. मज्जारज्जूसाठी ३ टेस्ला हवंच असा आग्रह कुठंही नव्हता. तरी नातेवाईक आल्या आल्या विचारतात, “थ्री टेस्ला आहे ना?” कोणी सांगितलेलं असतं देव जाणे. मी त्यांना सांगतो की मेंदूसाठी त्याचा उपयोग होतो, पण मणक्यात पाण्याच्या हालचालीचा त्रास तिथं उलट जास्तच जाणवतो. पटत नाही त्यांना. आकडा मोठा म्हणजे चांगलं, हे डोक्यात बसलेलं.

शेवटचा पेशंट गेला की आम्ही बसायचो. मी, मॅडम, आणि माझा जोडीदार टेक्निशियन, जो आधी कटकट करायचा आणि नंतर माझ्याहून जास्त गुंतला. तपासायला माणूस हवा होता, म्हणून मीच आत झोपायचो. बाहेरून हजारो लोकांना ‘हलू नका’ म्हणणं वेगळं आणि आत पडून नाकाला खाज सुटणं वेगळं. तेव्हा कळलं की मानेखाली नुसती उशी पुरत नाही. दोन्ही कानांमागे आणि खांद्यांखाली फोम हवा, नाही तर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मान आपोआप एका बाजूला कलते.

सगळ्यात डोळे उघडणारा प्रयोग गिळण्याचा. एकाच सिक्वेन्समध्ये (एका प्रकारच्या चित्रांच्या फेरीत) मी पहिल्यांदा मुद्दाम अधूनमधून आवंढा गिळला, दुसऱ्यांदा नाही. पहिल्या चित्रात घशाची हालचाल करड्या सावल्यांच्या पट्ट्यांसारखी थेट मज्जारज्जूवर येऊन बसली होती. दुसऱ्यात कॉर्ड स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, “ही पट्टी रिपोर्टमध्ये डाग म्हणून गेली असती, किंवा खरा डाग हिच्याखाली लपला असता. दोन्ही वाईट.”

या सावल्यांचं कारण असं. एमआरआयमध्ये चित्राची एक दिशा सावकाश भरत जाते, तिला फेज एन्कोडिंग म्हणतात. जे काही हलतं त्याची भुतं त्या दिशेत पडतात. आमच्या जुन्या सेटिंगमध्ये ती दिशा पुढून मागे होती, म्हणजे घसा, अन्ननलिका, छातीत गेलं की हृदय, हे सगळं पुढचं पुढं न राहता मागे कॉर्डवर. आम्ही दिशा फिरवून डोक्याकडून पायाकडे केली. भुतं राहिलीच, पण ती वर-खाली गेली, कॉर्डला सोडून. याला किंमत द्यावी लागते. उभ्या दिशेत शरीर लांब असतं, फ्रेमबाहेरचा भाग गुंडाळून परत चित्रात येतो, म्हणून ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे फ्रेमबाहेरचंही मोजणं, वाढवावं लागतं आणि वेळ वाढतो. त्यात आणखी एक फायदा मिळाला जो माझ्या लक्षात नव्हता. पाणी आणि कॉर्डच्या कडेला मॅट्रिक्स (चित्रातल्या चौकोनांची संख्या) कमी असलं की एक खोटी रेघ उमटते, कॉर्डच्या मध्यातून वरपासून खालपर्यंत जाते, आणि कॉर्डच्या आत पाणी साठलंय असा भास होतो. दिशा फिरवून त्या बाजूचं रेझोल्यूशन वाढवल्यावर ती रेघ बरीच गेली.

घशावर पुढून एक सॅट बँड टाकला, म्हणजे त्या पट्ट्यातून सिग्नलच येऊ द्यायचा नाही. हा बँड आधीही होता, पण कोणी तो ओढून नीट जागेवर ठेवत नव्हतं. आता तो कॉर्डला न शिवता घशावर बसलाय का, हे बघूनच आम्ही स्टार्ट दाबतो. आणि पेशंटला सांगायची भाषा बदलली. आधी आम्ही ‘हलू नका’ एवढंच म्हणायचो. माणूस हात-पाय हलवत नाही आणि घटाघट गिळतो, कारण गिळणं म्हणजे हलणं असं त्याला वाटतच नाही. आता प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी माइकवर सांगतो, “आता चार मिनिटं आवाज येईल. थुंकी गिळायची असेल तर आत्ता गिळून घ्या.” एका आजींनी आतूनच विचारलं होतं, “आन् मंधात आलं तं काय करू बाप्पा?” मी म्हटलं, “तोंडात ठेवा जी, थोडाच वेळ.” त्यांनी ठेवलं. त्यांचं चित्र त्या आठवड्यातलं सगळ्यात स्वच्छ होतं.

स्टर आणि टी-टू यांच्यावरून मॅडमचं आणि माझं बरेच दिवस चाललं. स्टरमध्ये चरबीचा सिग्नल मारला जातो, १.५ टेस्लावर त्यासाठी १५० ते १६० मिलिसेकंदांच्या आसपास इन्व्हर्जन टाइम (सिग्नल घेण्याआधी थांबायची वेळ) ठेवतात, आणि डाग पांढरा फटक उठून येतो. टी-टूमध्ये जो ‘आहे की नाही’ वाटतो, तो स्टरमध्ये ‘आहेच’ म्हणतो. पण स्टर खोटंही बोलतो. पाण्याच्या हालचालीनं छातीच्या भागात तो नको तिथं पांढरं दाखवतो. मी स्टरच्या बाजूचा होतो, कारण माझं काम चित्र काढण्याचं आणि स्टर दिसायला देखणा असतो. मॅडम म्हणायच्या की एकाच चित्रात दिसणारा डाग मी लिहिणार नाही. दोन प्रकारच्या चित्रांत किंवा उभ्या-आडव्या दोन्ही स्लाइसमध्ये दिसला तरच. शेवटी ठरलं: दोन्ही घ्यायचे, आणि मानेला प्रोटॉन डेन्सिटीही. त्यात पाणी आणि कॉर्ड साधारण एकाच करड्या रंगाचे येतात आणि त्यात डाग तेवढा पांढरा. कडेचा डाग पाण्यात हरवण्याची भानगड तिथं राहत नाही. एको ट्रेन (एका दमात घेतलेल्या सिग्नलची साखळी) लहान ठेवायची, नाही तर सगळंच थोडं पुसट होतं आणि लहान डाग आधी पुसला जातो.

स्टर नेहमी कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे गॅडोलिनियमच्या इंजेक्शनच्या, आधी, हे एक मी भिंतीवर लिहून चिकटवलंय. गॅडोलिनियम ज्या जागी शिरतं तिथला टी-वन (सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) कमी होऊन चरबीच्या जवळ येतो, आणि चरबी मारणारा स्टर मग त्या डागालाही मारतो. म्हणजे जो डाग ताजा, सगळ्यात महत्त्वाचा, नेमका तोच गायब. घाईत क्रम उलटा होणं फार सोपं आहे, कारण पेशंट ब्रेनसाठी कॉन्ट्रास्ट घेऊन आधीच टेबलावर असतो आणि डॉक्टरांचा फोन येतो, “त्याच्यात स्पाइनही करून टाका ना.” करून टाकतो आम्ही, पण तेव्हा स्टरवर भरवसा ठेवत नाही.

आडव्या स्लाइस हा खरा भांडणाचा मुद्दा होता. गाद्या सोडून सी-टूपासून सी-सेव्हनपर्यंत सलग जायचं, ४ मिलिमीटर जाडी, गॅप शून्य. साधारण तीस स्लाइस. गॅप काढली की शेजारच्या स्लाइस एकमेकींचा सिग्नल खातात, म्हणून आधी एकाआड एक स्लाइस, मग उरलेल्या, असा क्रम लावावा लागतो. कापायचं कॉर्डला काटकोनात, गादीच्या कोनात नाही. हातांना सवय गादीची असते. रेघ आपोआप गादीवर जाऊन बसते. माझा जोडीदार तर पहिले काही दिवस झोपेतही गाद्याच कापत होता असं म्हणायचा.

भांडण वेळेचं. मान, छाती आणि कोनस (मज्जारज्जूचं खालचं टोक), वर कॉन्ट्रास्ट, इंजेक्शननंतरची पाच ते दहा मिनिटांची वाट, असं सगळं धरून पाऊण तास जातो. तेवढ्यात गादीचे दोन पेशंट होतात. मालकांनी शांतपणे हिशोब मांडला आणि तो चूक नव्हता. तोडगा निघाला तो असा की हा प्रोटोकॉल सगळ्यांना लावायचाच नाही. चिठ्ठीवर मायलायटिस (मज्जारज्जूची सूज), डिमायलिनेशन (नसांचं आवरण जाणं), एमएस, एनएमओ (एमएससारखा दिसणारा वेगळा आजार) यांपैकी काही असेल, किंवा पेशंटशी बोलताना आम्हाला तसा संशय आला आणि मॅडमनी हो म्हटलं, तरच. आणि हे पेशंट संध्याकाळच्या वेळेला.

पेशंटशी बोलणं हा भाग कुठल्या प्रोटोकॉलमध्ये छापलेला नसतो. गाऊन देताना, धातू काढून घेताना, आम्ही दोन प्रश्न जास्त विचारू लागलो. आर्वीकडची एक मुलगी आली होती, चिठ्ठी मानेच्या गादीची. आधीचा एमआरआय दुसरीकडे झालेला, नॉर्मल. तिला विचारलं, नेमकं काय होतं? ती म्हणाली, “मान खाली केली ना, की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखा होतो. भाकरी थापताना, वही लिहिताना.” आणि उन्हात पाय जड होतात. मे महिना होता, बाहेर ४५ अंशांच्या वर. तिचे वडील म्हणाले, “उन्हाळ्यात कोणाचे पाय जड नाही होत? घरात बसली कूलरसमोर की बरी होते.”

मान वाकवल्यावर खाली उतरणारा करंट हे मानेतल्या कॉर्डच्या मागच्या भागात काही असल्याचं जुनं लक्षण आहे, लर्मिटचं म्हणतात त्याला. आणि अंगातली उष्णता वाढली की ज्या नसेचं आवरण खराब झालंय तिथून संदेश जायला अडतात, गार झालं की पुन्हा जातात. डोळ्यांच्या बाबतीत ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे १८९० मध्ये लिहून ठेवलं. नागपूरच्या मे महिन्यात हे लक्षण ओळखणं महाकठीण, कारण इथं सगळं गावच दुपारी मंदावलेलं असतं. पण दोन्ही एकत्र ऐकल्यावर मी मॅडमना बोलावलं.

उभ्या टी-टूमध्ये काहीच म्हणावं असं नव्हतं. स्टरमध्ये सी-थ्री मणक्याच्या मागं किंचित धूसर. आडव्या स्लाइस स्क्रीनवर येऊ लागल्या तसं मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या. मणक्याच्या बरोबर मध्याच्या पातळीला, कॉर्डच्या मागच्या-डाव्या कडेला पाचरीसारखा पांढरा डाग, सलग दोन स्लाइसमध्ये. वरची गादी त्याच्या वर संपत होती, खालची त्याच्या खाली सुरू होत होती. गाद्यांतून कापलं असतं तर तो दोघींच्या मध्ये आरामात बसून राहिला असता.

तेवढ्यावरून एमएस म्हणत नाहीत, हे मी वाचकांना मुद्दाम सांगतो, कारण लोक रिपोर्ट हातात आला की मोबाइलवर शोधत सुटतात. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्डचे निकष २०१७ मध्ये सुधारले गेले. त्यात डाग कुठं कुठं आहेत ते बघताना मेंदूतल्या तीन भागांबरोबर चौथी जागा मज्जारज्जूची धरली आहे. नंतरच्या सुधारणेत डोळ्याच्या नसेचीही भर पडली. मेंदूचा एमआरआय, कमरेतून काढलेलं पाणी, रक्ताच्या तपासण्या, आणि मुख्य म्हणजे न्यूरोवाल्या डॉक्टरांनी हातोडी घेऊन केलेली तपासणी, या सगळ्यांतून निदान होतं. आमचं काम एवढंच की त्यांनी शोधलेली जागा चित्रात खरी दिसावी.

मोठे डाग दिसतातच, त्यात आमच्या नव्या प्रोटोकॉलचं काही श्रेय नाही. भंडाऱ्याकडचे एक शेतकरी आले होते, दोन्ही पाय गेलेले, लघवी अडलेली. उभ्या पहिल्याच चित्रात तीन मणक्यांहून लांब पांढरा पट्टा. हा कुठल्याही सेंटरवर दिसला असता. आडव्या स्लाइसनी मात्र एक गोष्ट जास्त सांगितली: डाग कडेला नव्हता, कॉर्डच्या मधोमध होता आणि अर्ध्याहून जास्त भाग व्यापलेला. लहान आणि कडेचा असला तर एमएसकडे मन जातं. लांब आणि मधला असला तर एनएमओ नावाच्या आजाराकडे. आडव्या चित्रात मधल्या करड्या भागाचा इंग्रजी एच अक्षर उमटला तर तिसऱ्याच, एमओजी अँटिबॉडीच्या आजाराचा विचार करतात. एनएमओ हा एमएसचाच प्रकार आहे असं फार वर्षं मानलं जायचं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या (आपलं सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचं मेयो नव्हे) संशोधकांनी त्या रुग्णांच्या रक्तातली वेगळी अँटिबॉडी दाखवली आणि मग दोन आजार वेगळे झाले. औषधं वेगळी आहेत. एमएसची काही औषधं एनएमओला घातकच ठरतात, म्हणून डाग कुठं आहे हे लिहिणं म्हणजे नुसती शोभा नव्हे. त्या शेतकऱ्यांना त्याच रात्री मेथिलप्रेड हे स्टेरॉइड सुरू झालं.

स्टेरॉइडचा आणि आमचाही संबंध आहे. स्टेरॉइड सुरू झालं की डागात कॉन्ट्रास्ट भरणं कमी होतं, आणि ताजा कोणता, जुना कोणता हे सांगणं अवघड जातं. म्हणून जमलं तर एमआरआय आधी. पण ज्याचे पाय निकामी होत चाललेत त्याला मशीनची वेळ मिळेपर्यंत थांबवून ठेवणं चूक, असं आमचे न्यूरोवाले सर ठणकावून सांगतात, आणि त्यासाठी आम्ही रात्रीची एक वेळ मोकळी सोडतो. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट मात्र बरोबर आणा. त्याच्याशिवाय कॉन्ट्रास्ट द्यायला मॅडम तयार नसतात आणि नातेवाईक रात्री साडेआठला उघडी लॅब शोधत रामदासपेठेत फिरतात.

सगळे डाग सुजेचेच असतात असंही नाही. कॉर्डच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना सारखी पांढरी रेघ, आडव्या चित्रात उलट्या व्हीसारखी, दिसली की बी-ट्वेल्व्हची कमतरता आठवायची. आमच्या भागात कडक शाकाहारी मंडळी कमी नाहीत. आणि मानेच्या गादीनं कॉर्ड दाबला गेला तरी आत पांढरं येतं. म्हणजे गादीला विसरूनही चालत नाही! टी-वनमध्ये मणक्यांची हाडं काळपट दिसली, पेशंट गडचिरोलीकडचा आणि तरुण असला, तर मी आपसूक विचारतो, “सिकलसेल आहे का घरात कोणाला?” विदर्भात काम करणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही.

काही लोकांच्या बाबतीत कोणतीच युक्ती चालत नाही. पाठीला पोक आलेले आजोबा, त्यांना सरळ झोपताच येत नव्हतं. मानेखाली कितीही फोम भरला तरी डोकं कॉइलमध्ये (सिग्नल पकडणाऱ्या साच्यात) बसेना. ज्यांना पायात झटके येतात, ज्यांना खोकला आहे, ज्यांना आत गेल्याबरोबर घाबरायला होतं. त्यांचे लहान, वेगवान सिक्वेन्स घेतो, सगळ्यात महत्त्वाचा आधी, आणि जे मिळेल त्यावर मॅडम लिहितात की हालचालीमुळे चित्र मर्यादित आहे. ते वाक्य वाचून नातेवाईक आमच्यावर चिडतात. ते वाक्य नसलेल्या रिपोर्टपेक्षा असलेला बरा, असं माझं मत आहे.

उन्हाळ्यात मशीनच आजारी पडतं हे वेगळंच. चुंबक हेलियमवर गार असतो, पण ग्रेडियंट (चित्रातली जागा ठरवणाऱ्या कॉइल) गरम होतात आणि त्यांना गार ठेवणारा चिलर गच्चीवर उन्हात असतो. नवतपात दुपारी लांब सिक्वेन्स लावले की चिलर कुरकुर करतो. कॉर्डचे पेशंट संध्याकाळी ठेवण्याचं मूळ कारण मालकांचा हिशोब होता. चिलरनं त्याला बळ दिलं. आणि एमएसच्या पेशंटांनाही उन्हातून यावं लागत नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सुधारायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आम्ही एक लहानसा कागद छापून न्यूरो, ऑर्थो आणि डोळ्यांच्या दवाखान्यांत वाटला. त्यावर एवढंच: लक्षणं कधी सुरू झाली, बधिरपणा अंगावर कुठल्या पातळीला थांबतो, डोळ्याचा त्रास झाला होता का, स्टेरॉइड सुरू आहे का, आणि जुनी सीडी असेल तर पाठवा. पातळी लिहिलेली असली की आम्हाला कळतं कुठं बारीक कापायचं. पाय लुळे म्हणून कमरेचा एमआरआय लिहिणं ही तर नेहमीची गोष्ट. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्या खाली नुसत्या नसा असतात. पायांचं दुखणं छातीत किंवा मानेत असू शकतं, आणि कमरेचा नॉर्मल रिपोर्ट घेऊन माणूस खाटेवर पडून राहतो. काही डॉक्टर तो कागद मनापासून भरतात. काहींकडून अजूनही येतं, ‘एमआरआय स्पाइन’, खाली सही.

जुन्या सीडीचं महत्त्व मला या कामातच कळलं. आज दिसलेला डाग नवा की गेल्या वर्षीचा, यावर औषध बदलायचं की नाही ते ठरतं, आणि तुलना करायची तर दोन्ही वेळेला स्लाइस सारख्या जाडीच्या, सारख्या कोनात हव्यात. म्हणून आता आम्ही प्रत्येक पेशंटचं प्लॅनिंगचं चित्र सेव्ह करून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच शेजारी उघडून रेघा जुळवतो. मणके वरून मोजतो, सी-टूपासून, लांब लोकलायझर (सुरुवातीचं मार्गदर्शक चित्र) घेऊन. छातीचा भाग एकटा काढला आणि मणका मोजताना एकानं गल्लत झाली, तर डाग जागेवरून हलल्यासारखा दिसतो.

मानेसाठी पीएसआयआर नावाचा एक सिक्वेन्स नेहमीसाठी बसवायचा आमचा विचार आहे. त्यात टी-वनवर आधारित चित्र येतं, डाग काळा आणि कॉर्ड उजळ, कडा स्पष्ट. आमच्या मशीनमध्ये तो हृदयाच्या पॅकेजमध्ये पडून होता. कंपनीचा अ‍ॅप्लिकेशनवाला आला तेव्हा त्यानं मानेच्या कॉइलवर लावून दाखवला. पहिलं चित्र बघून मॅडम खूश, मी नाही, कारण तो फार वेळ घेतो आणि पेशंट तोवर थकलेला असतो. सध्या आर्वीच्या मुलीसारख्या, म्हणजे ‘आहे की नाही’ अशा केसेसनाच लावतो.

छातीचा कॉर्ड मात्र अजून हाताला लागलेला नाही. मानेपेक्षा बारीक, पुढं धडधडणारं हृदय, श्वासाबरोबर हलणारी छाती, आणि मागं पाणी उसळत असतं, त्याचे काळे ठिपके आडव्या टी-टूमध्ये कॉर्डला टेकून उमटतात. बोटाला पल्सचा क्लिप लावून ठोक्याबरोबर सिक्वेन्स बांधून बघितला. ठिपके कमी झाले, वेळ जवळजवळ दुप्पट झाला. ज्याचे ठोके अनियमित त्याच्यात तर संपतच नाही. मॅडमचं म्हणणं, छातीला आडव्या स्लाइस फक्त जिथं उभ्यात शंका आहे तिथंच घ्याव्या. माझं म्हणणं, शंका यायलाच आडव्या हव्यात, मानेत आपण तेच बघितलं. या शनिवारी शेवटच्या पेशंटनंतर मी पुन्हा आत झोपणार आहे. फ्लो कॉम्पेन्सेशन (वाहत्या पाण्याचा त्रास कमी करणारी सेटिंग) वाढवून आणि पुढचा सॅट बँड जाड करून बघायचंय. जोडीदार म्हणतो, या वेळी तो झोपतो, मी रेघा ओढाव्यात.